फोन रूट करा, पण खिशात शंभराची नोट ठेवून

मागच्या उन्हाळ्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला तेव्हा माझा जुना फोन चार्जिंगला लावला की तव्यासारखा तापायचा. रात्रभर १०० टक्क्यांवर पडून राहायचा, बॅटरी फुगायच्या बेतात, अन ८० वर चार्जिंग थांबवायची सेटिंग काही त्यात नव्हती. वरून कॉल रेकॉर्ड करायला गेलं की समोरच्याला आधी घोषणा ऐकू जाते, मग केळीचा व्यापारी भाव बोलता बोलता एकदम सावध. म्हटलं जाऊ दे, रूटच करतो, म्हणजे कंपनीने बंद ठेवलेला फोनच्या आतल्या सिस्टीमचा पूर्ण ताबा आपल्याकडे घेतो. केला, झाला, एकदम खूश.

दोन दिवसांनी ढाब्यावर शेवभाजी हाणली, क्यूआर स्कॅन करायला ॲप उघडलं तर स्क्रीनवर मेसेज की हा फोन सुरक्षित नाही, अन ॲप बंद. दुसरं ॲप तर उघडल्या उघडल्याच गायब. मित्र म्हणे, "आते काय करू भो?" अन मालक आमच्या दोघांकडे असा बघतोय की हे रोजचंच नाटक आहे. शेवटी मित्रानेच पैसे दिले. तेव्हा मी जे उलट्या क्रमाने केलं ते तुम्ही सुलट्या क्रमाने करा, म्हणून हे लिहितोय.

आधी एक विचार करा, रूट खरंच लागतंय का? कंपनीने भरलेली फालतू ॲप्स काढायची असतील तर रूटची गरज नाही, कॉम्प्युटरला फोन जोडून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणारं टूल) ती तुमच्या युजरपुरती काढता येतात, अन पेमेंट ॲपला त्याचं काही देणंघेणं नसतं. जाहिराती बंद करायच्या तर फोनच्या नेटवर्क सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये भागतं. रूट लागतं ते चार्जिंगची मर्यादा लावायला (एसीसी नावाचं मॉड्यूल, म्हणजे रूटवर टाकायचं जोड-सॉफ्टवेअर, आहे, ८० ला थांब ७५ ला सुरू कर असं सांगता येतं), घोषणेशिवाय कॉल रेकॉर्डिंगला, पूर्ण बॅकअपला. यातलं काही नको असेल तर इथेच थांबा, मजेत राहाल.

आता ॲपला कळतं कसं ते समजून घ्या, नाहीतर नुसते मॉड्यूल टाकत बसाल. दोन वाटा आहेत. एक, ॲप स्वतः फोनमध्ये डोकावतं, सुपरयुजरची (रूटचे हक्क देणारी) फाइल आहे का, मॅजिस्क नावाचं रूट करायचं ॲप आहे का, काही ॲप्स तर यूएसबी डीबगिंग (कॉम्प्युटरला फोन हाताळू देणारी सेटिंग) चालू दिसलं तरी कुरकुर करतात. दुसरी वाट गूगलची, ॲप गूगलला विचारतं की हा फोन भरवशाचा आहे का. आधी तिला सेफ्टीनेट म्हणायचे, आता प्ले इंटिग्रिटी. ती तीन पातळ्यांवर उत्तर देते, बेसिक, डिव्हाइस अन स्ट्राँग. बूटलोडर (फोन चालू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारं कुलूप, रूटसाठी ते उघडावं लागतं) उघडा आहे ही गोष्ट फोनच्या आतल्या सुरक्षित हार्डवेअरमधून सही होऊन येते, त्यामुळे ती लपवणं म्हणजे फाइल लपवण्याइतकं सोपं नाही. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ अन त्यापुढच्या फोनवर डिव्हाइस पातळीलासुद्धा हार्डवेअरची साक्ष लागते. म्हणजे गंमत बघा, अँड्रॉइड ११-१२ वाला जुना फोन या कामाला नव्यापेक्षा सोपा.

करायच्या आदल्या दिवशीची तयारी सगळ्यात महत्त्वाची. घरातला एखादा जुना पण साधा, रूट न केलेला फोन शोधा अन यूपीआय आधी त्यावर चालू करून घ्या. नोंदणी करताना बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरूनच एसएमएस जातो, म्हणून सिम त्या फोनमध्ये हवं. नवीन फोनवर नोंदणी केली की पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही, तेव्हा ज्या दिवशी खताचं बिल भरायचंय त्या दिवशी हा खेळ करू नका. बूटलोडर उघडला की फोन पूर्ण पुसला जातो, फोटो, व्हॉट्सॲप, ओटीपीवालं ऑथेंटिकेटर सगळं आधी बाहेर काढा, ऑथेंटिकेटर तर मी विसरलो होतो अन एक खातं परत मिळवायला आठवडा गेला. सॅमसंगवाल्यांनी दोनदा विचार करा, तिथे नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज, म्हणजे फोनशी छेडछाड झाल्याची आतली खूण, एकदा उडाला की कायमचा, नंतर परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्योर फोल्डर अन सॅमसंगचं पेमेंट परत येत नाही.

बूटलोडर उघडायची रीत कंपनीकंपनीप्रमाणे वेगळी, शाओमीच्या टूलमध्ये १६८ तास थांबायला लागायचं, काही कंपन्या तर उघडूच देत नाहीत. ते झालं की फोनमध्ये आत्ता जो बिल्ड नंबर दिसतोय अगदी त्याच नंबरचं फर्मवेअर (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) उतरवा, जवळपासचं चालत नाही. त्यातून बूट इमेज, म्हणजे फोन चालू करणारी फाइल, काढा. फोन दुकानातूनच अँड्रॉइड १३ किंवा पुढचं घेऊन आला असेल तर बहुतेक वेळा बूट नाही, इनिट-बूट नावाची फाइल लागते, इथे लय लोक चुकतात. मॅजिस्क फक्त गिटहबवर ते बनवणाऱ्या टॉपजॉनवूच्या खात्यावरून घ्या, त्या नावाच्या नकली वेबसाइटी पायलीच्या पन्नास आहेत. त्या ॲपमध्ये ती फाइल पॅच करा (ॲप तिच्यात रूट घुसवतं), पॅच झालेली कॉम्प्युटरवर घ्या, फोन फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून फाइल चढवायचा मोड) टाका अन फ्लॅश करा, म्हणजे ती फाइल फोनवर चढवा. फाइल बूटची असेल अन फोन ऐकत असेल तर आधी फ्लॅश न करता नुसतं त्या फाइलवरून बूट करून बघा, गडबड झाली तर रीस्टार्ट केलं की पहिल्यासारखं. अन मूळ, पॅच न केलेली फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा, फोन लोगोवर अडकला तर तीच परत फ्लॅश करायची.

आता लपवालपवी, अन इथे क्रम पाळायचा. पेमेंट ॲप अजून टाकू नका. मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये झायगिस्क (मॉड्यूलना ॲपच्या आत काम करू देणारी सोय) चालू करा, मॅजिस्क ॲप लपवा म्हणून पर्याय आहे तो दाबून त्याला दुसरं काहीतरी नाव द्या (माझं "हिशोब" आहे), रीस्टार्ट करा. जुनं मॅजिस्कहाइड शोधत बसू नका, ते २०२२ च्या आवृत्तीपासून गेलं, त्याच्या जागी डिनायलिस्ट आहे, म्हणजे ज्या ॲपपासून रूट दूर ठेवायचं त्यांची यादी. प्ले इंटिग्रिटी दुरुस्त करणारं मॉड्यूल टाकायचं ते आत्ताच. शामिको (यादीतल्या ॲपपासून रूट लपवणारं मॉड्यूल) वापरणार असाल तर डिनायलिस्टची यादी भरायची पण "एन्फोर्स" बंद ठेवायचं, दोन्ही चालू ठेवलं तर शामिको काम करत नाही. मग डेव्हलपर ऑप्शन बंद करा अन प्ले स्टोअरचा डेटा पुसा. आता पेमेंट ॲप उतरवा पण उघडू नका, आधी डिनायलिस्टमध्ये जाऊन ते टिक करा, नावावर दाबलं की खाली आतल्या प्रोसेस उघडतात त्या सगळ्या टिक करा, मी पहिल्यांदा फक्त वरची केली होती अन तिथेच फसलो.

खात्री करायची तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अबाउटला जाऊन आवृत्तीच्या ओळीवर सात वेळा टॅप करा, मग जनरलमध्ये डेव्हलपर पर्याय दिसतो, त्यात इंटिग्रिटी तपासता येते. बेसिक अन डिव्हाइस दोन्ही आले तर बरीचशी ॲप्स चालतात. ज्या ॲपला स्ट्राँग हवं त्याच्या मागे लागू नका. टेलिग्रामवर कीबॉक्स विकणारे भेटतील, ती कुठल्यातरी फोनची फुटलेली किल्ली असते, गूगल ती आज ना उद्या रद्द करतं, अन कुणी दिलेलं मॉड्यूल रूटच्या हक्काने चालतं म्हणजे घराची चावी अन तिजोरीची चावी एकदमच दिली समजा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच असं होतं, आता रूट केलेल्या फोनवर तुम्ही बँकेला काय समजावणार?

एवढं करूनही एखाद्या सकाळी ॲप बंद पडेल, कारण ॲपवाले तपासणी बदलतात. अशा वेळी रात्रभर मॉड्यूल बदलत बसण्यापेक्षा स्टार ९९ हॅश डायल करा, बँकेत दिलेल्या नंबरवरून, इंटरनेटशिवाय, एका वेळी ५००० पर्यंत जातात. पिन आधीच बनवलेला हवा. मेनू हळू चालतो अन मधेच तुटतो, पण दुकानदारासमोर नाक कापलं जात नाही.

सिस्टीम अपडेट आपोआप होऊ देऊ नका. दोन स्लॉटवाल्या (सिस्टीमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर आधी मॅजिस्कमधून मूळ इमेज परत आणायची, अपडेट टाकायचं पण रीस्टार्ट करायचं नाही, मग मॅजिस्कमधून न वापरलेल्या स्लॉटवर इन्स्टॉल, अन नंतर रीस्टार्ट. अन फोन विकायचा ठरलं तर घाईघाईने बूटलोडर लॉक करू नका, पॅच केलेली फाइल आत असताना लॉक केला तर फोनची वीट होते, आधी कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर टाकून एकदा नीट चालू करून बघा, मग लॉक.