फायबरच्या छपरावर अँटेना : मोटरहोम घेऊन कोल्हापुरात येणाऱ्यांसाठी

नागपूर सोडून मी कोल्हापुरात आले त्याला आता एकवीस वर्षं झाली. गोकुळ शिरगावातल्या एका फौंड्रीत नोकरी लागली, दोन वर्षांत परत येते असं आईला सांगून निघाले होते. हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलण्याचा नाद नागपूरचाच, मोटरहोमची, म्हणजे राहण्याच्या गाडीची, बॉडी मात्र इथंच बांधून घेतली. हल्ली पुण्याहून, नाशिकहून, आमच्या विदर्भातूनही गाडी घेऊन इथं राहायला येणारी माणसं भेटतात, आणि त्यांच्यात कुणी रेडिओवाला असला की दुसऱ्या भेटीत विचारतो, ‘अँटेना कुठं लावू?’ त्या सगळ्यांसाठी हे एकदाच नीट लिहून ठेवते.

परवान्याचं आधी. हॅम सेटला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेत मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा नाही, वरच्या जनरलला आहे. परवाना हातात आला की गाडीतून फिरता वापर करण्याच्या अटी वाचून घ्या. ४४६ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात, पण त्यांचा अँटेना सेटलाच जोडलेला असतो. तो काढून छपरावर दुसरा लावायचा नाही. म्हणजे पुढचं सगळं परवानाधारकांसाठी आहे.

आता एक काम करा. फ्रिजवर चिठ्ठी लावायचं चुंबक घेऊन गाडीवर चढा आणि छपरावर चार ठिकाणी टेकवून बघा. चिकटलं तर छप्पर लोखंडी पत्र्याचं, तुमचं अर्धं काम झालं. घसरून पडलं तर बहुतेक फायबर. मोटरहोमच्या बांधून घेतलेल्या बॉड्या बहुतेक फायबरच्याच असतात. वजनाला हलक्या, गंजत नाहीत, उन्हाळ्यात पत्र्याइतक्या तापत नाहीत. रेडिओसाठी मात्र तिथंच अडतं.

माझं तसंच झालं होतं. एका दुकानदारानं चुंबकाच्या बेसचा अँटेना दिला, ‘कुठल्याबी गाडीवर बसतंय’ म्हणाला. छपराला तो चिकटेचना. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणून हट्टानं बसवला. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळलाय ते सांगणारा आकडा (एक म्हणजे उत्तम), तीनच्या वर. म्हणजे सेट जेवढी शक्ती पाठवतो तिचा चौथा हिस्सा माघारी. पाच मिनिटं बोललं की सेट थंड ठेवणाऱ्या मागच्या पाकळ्यांना हात लावता येत नव्हता, आणि एवढं करून शहरातल्या शहरात, राजारामपुरीतून कसबा बावड्यापर्यंत आवाज नीट पोचत नव्हता.

उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडं गाडीच्या शिडीसाठी गेले होते. सत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी छपरावर बोटाच्या पेरानं टकटक केली, अँटेनाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, काठी उभी केलीसा, पर काठीला जमीन कुठाय? खालनं पत्रा द्यायला पायजे न्हवं?’ मामांनी रेडिओचं पुस्तक उघडलेलं नाही. त्यांनी पूर्वी जीपगाड्यांवर वायरलेसचे अँटेना बसवलेले होते, तेवढ्यावर त्यांना नेमकं दुखणं कळलं.

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पाव तरंगलांबीचा, म्हणजे रेडिओ लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा अँटेना घेतला तर दिसणारी काठी हे त्याचं अर्धंच अंग. दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झला, ही काठी साधारण ४९ सेंटीमीटरची होते. दुसरं अर्धं अंग म्हणजे तिच्या बुडाशी चारी बाजूंना तेवढ्याच अंतरापर्यंत पसरलेला धातू. जीपला, कारला तो छपराच्या रूपानं फुकट मिळतो. फायबरवर तो आपण घालायचा.

बॉडी अजून बांधायची असेल तर फार सोपं आहे. आतलं प्लायवूड बसवायच्या आधी छपराच्या खालून एक मीटर लांब-रुंद ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून घ्या. एक मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. फायबर मध्ये आलं तरी बिघडत नाही, पण अँटेनाच्या बेसचा, केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडलेला धातू त्या पत्र्याला पक्की टेकली पाहिजे. बॉडी तयार असेल तर आतून छताला तांब्याच्या पट्ट्या चिकटवा, अधिकच्या चिन्हासारख्या, बेसपासून चारी दिशांना ५० सेंटीमीटर. मी हेच केलं. मामांनी पट्ट्यांची चारी टोकं मधल्या पितळी चकतीला डाखून दिली, आणि त्याच संध्याकाळी मीटर दीडच्या खाली आला. खालचा धातू नसला तरी चालणारे अर्ध्या तरंगलांबीचे अँटेनाही मिळतात. ते लांब असतात, जवळजवळ एक मीटर. शिडीला किंवा मागच्या कोपऱ्याला लावायचे तर तेच घ्या.

इथल्या कारागिरांशी कसं वागायचं हेही सांगते, कारण बाहेरून आलेली माणसं यात हमखास चुकतात. मोबाइलमधलं चित्र दाखवून ‘असंच करा’ म्हणू नका. काम कशासाठी आहे ते सांगा, गाडी दाखवा आणि थांबा. उद्यमनगरात शेतीच्या इंजिनाच्या सुट्या भागांपासून सगळं घडवणारी माणसं आहेत. त्यांना अडचण कळली की उपाय ते तुमच्यापेक्षा चांगला काढतात. भाव घासाघीस करून पाडण्यापेक्षा चहा सांगा आणि काम चालू असताना तिथंच बसा. मी सुरुवातीला नागपुरी हेल काढून बोलायचे तेव्हा दुकानातली पोरं हसायची. आता तिथल्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ माझ्याही तोंडात बसलंय.

जागा निवडताना काठी पत्र्याच्या मधोमध येईल असं बघा. सोलर पॅनेलपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवा. पॅनेलची चौकट अँटेनाला त्रास देते आणि काठीची बारीक सावली पॅनेलला. उंची जमिनीपासून टोकापर्यंत टेपनं मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. पन्हाळ्याच्या वाटेवर झाडाच्या फांद्या आणि जुन्या पेठांत या घरातून त्या घरात गेलेल्या विजेच्या तारा, दोन्हींसाठी आडवा पडणारा, बिजागरीचा बेस घ्या. तारेखाली गाडी उभी करून अँटेना कधीही उभा करू नका. काठी तुमच्या हातात असते, हे त्या क्षणी लक्षात राहत नाही.

आता भोक. छपराला भोक पाडताना प्रत्येकाचा हात थरथरतो आणि ते बरोबरच आहे, कारण कोल्हापूरचा पाऊस शहरात बसून कळत नाही. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि जून ते सप्टेंबर तो वरून कमी, आडवाच जास्त येतो. पहिल्या वर्षी मी भोकाभोवती साधं सिलिकॉन फासलं होतं. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते. त्यातलं आम्ल तांब्याला खातं हे मला माहीत नव्हतं. गगनबावड्यात दोन रात्री काढल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी उशीखाली प्लायवूड फुगलेलं आणि केबलची जाळी हिरवी पडलेली. तेव्हापासून मी न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंटच वापरते आणि बेसखाली ब्युटाइल टेप देते. भोकाची कड आधी पॉलिश पेपरनं साफ करून रेझिननं बंद करते, म्हणजे फायबरच्या थरात पाणी शिरत नाही. केबल ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आवळत्या बुचातून आत घ्या, आणि ग्लँडमध्ये शिरण्याआधी बाहेरच केबलला खाली एक झोल द्या. पाणी त्या झोलावरून ठिबकतं, आत येत नाही. ॲल्युमिनियमला तांबं थेट टेकवू नका, ओल लागली की दोन्हींमध्ये गंज धरतो. वायरच्या टोकाला कथिल चढवलेली लग (कडी) आणि दातेरी वॉशर घाला, वर थोडं ग्रीस. पावसाळ्याआधी आणि दिवाळीत एकदा वर चढून नखानं सीलंट दाबून बघायचं.

केबलची जास्त चर्चा नको. आरजी-५८ ही बारीक केबल दोन मीटर बँडवर, केबलच्या दर मीटरला, सिग्नलचे सुमारे ०.२ डेसिबल खाते. पाच मीटरपर्यंत ती चालेल, त्याहून लांब असेल तर जाड आरजी-२१३ घ्या. उरलेली केबल गुंडाळी करून कपाटात कोंबू नका, कापा.

सेटला वीज थेट बॅटरीवरून द्या. ५० वॉटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, सिगारेट लायटरच्या सॉकेटचं ते काम नाही. दोन्ही वायरींना बॅटरीजवळच फ्यूज हवा. सोलरचा चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर चालू झाला की घरघर ऐकू येत असेल तर एकेक बंद करून गुन्हेगार शोधा आणि त्याच्या वायरींवर फेराइटचे, म्हणजे घरघर अडवणारे मणी चढवा.

मग मीटर लावून काठी जुळवायची. शेडमध्ये नको, पत्र्याच्या भिंती खोटं बोलायला लावतात. मी शेंडा पार्ककडं मोकळ्यावर जाते. १४४, १४५, १४६ असं तीन ठिकाणी एसडब्ल्यूआर मोजून लिहा. खालच्या टोकाला कमी आणि वर वाढत जात असेल तर काठी लांब आहे. या बँडवर एक मेगाहर्ट्झ म्हणजे काठीचे जेमतेम साडेतीन मिलिमीटर. म्हणून एका वेळी दोन मिलिमीटरच कापा आणि परत मोजा. कापलेलं परत जोडता येत नाही. दीडच्या आत आला की थांबा, एकच्या मागं लागू नका.

इथं आवाज कुठवर जातो तेही मनात बसवून घ्या. सपाटीवर दोन गाड्या असतील तर दहा-पंधरा किलोमीटर. जोतिबाच्या डोंगरावर गेलात की शहरापेक्षा जवळजवळ चारशे मीटर वर येता, आणि नजर मोकळी असेल तिकडं सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत, म्हणजे सांगली-मिरजेपलीकडंही, बोलता येतं. करूळ घाटानं कोकणात उतरलात की हे सगळं संपतं, मध्ये सह्याद्री उभा राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, दिवसेंदिवस गाड्या अडकून पडल्या, गावोगाव वीज नव्हती आणि मोबाइल बंद पडले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे माझं रविवारचं खेळणं नाही. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट, धोका पातळी ४३. पाऊस लागला की मी ते आकडे ऐकते आणि ३९ च्या आधीच गाडी उंचावर नेऊन लावते, बॅटरी भरून.

एक राहिलं. एप्रिल-मेमध्ये दुपारी उकाडा असह्य झाला आणि आभाळ काळं पडायला लागलं, की वळीव येणार. तो पाण्याआधी विजा घेऊन येतो. त्या वेळी छपरावर चढायचं नाही. पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच काठी आडवी करा, केबल सेटमधून काढून सेटपासून लांब ठेवा आणि जवळच्या पक्क्या इमारतीत जा. धातूच्या बंद गाडीत जो आडोसा मिळतो तो फायबरच्या बॉडीत धरून चालू नका. वळीव अर्ध्या तासात निघून जातो, मातीचा वास सुटतो आणि माणूस खुशीत सेट चालू करतो. केबल न जोडता माईकचं बटण दाबलं तर सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. म्हणून मी लाल कापडाची एक चिंधी ठेवली आहे. केबल काढली की ती माईकला बांधायची, केबल जोडली की सोडायची.