आलेखावरून एकसामयिक समीकरणे कशी सोडवावीत

दहावीच्या गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या जोडीची उकल आलेखाने काढण्याची पद्धत पहिल्याच प्रकरणात येते, आणि बहुतेक विद्यार्थी ती सोपी समजून घाईने उरकतात. पद्धत सोपी आहे, हे खरे. परंतु तिचे उत्तर रेषा जितकी नेमकी काढली जाईल तितकेच नेमके येते. म्हणून पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही दुकानात सहज मिळणारा, मिलिमीटरचे चौकोन असलेला आलेख कागद घ्यावा, पेन्सिलीला बारीक टोक करावे आणि पट्टीची कड झिजलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

क्ष + २य = ८ आणि २क्ष – य = १ ही जोडी घेऊ. पहिल्या समीकरणात क्ष ला किंवा य ला सोयीच्या किमती देऊन दुसऱ्या चलाची किंमत काढली, तर (०, ४), (४, २) आणि (८, ०) या क्रमित जोड्या मिळतात. दुसरे समीकरण य = २क्ष – १ असे मांडून घेतले की (–१, –३), (०, –१) आणि (३, ५) या जोड्या मिळतात. रेषा निश्चित होण्यास दोन बिंदू पुरेसे असताना तिसरा कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. कोणत्याही दोन बिंदूंतून एक सरळ रेषा जातेच. त्यामुळे त्यांपैकी एक बिंदू आकडेमोडीत चुकला असला, तरी आलेखावर काहीही वावगे दिसत नाही. तिसरा बिंदू मात्र रेषेबाहेर पडून ती चूक लगेच उघड करतो.

बिंदू एकमेकांपासून शक्य तितके दूर निवडावेत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक अर्धा मिलिमीटर वर-खाली झाला, तर तीच रेषा आठ सेंटिमीटर पुढे वाढवल्यावर साधारण चार मिलिमीटरने सरकलेली असते, आणि छेदनबिंदू नेमका तिथेच असेल तर उत्तर हातचे जाते.

दोन्ही रेषा एकाच आलेखावर, एकच प्रमाण ठेवून काढाव्यात. येथे त्या (२, ३) या बिंदूत छेदतात, म्हणून क्ष = २ आणि य = ३ ही उकल. ती दोन्ही समीकरणांत ठेवून पाहावी: २ + ६ = ८ आणि ४ – ३ = १. एकाच समीकरणात पडताळणे निरुपयोगी आहे, कारण त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू त्या समीकरणाचे समाधान करतोच.

शाब्दिक उदाहरणात खरी अडचण येते ती प्रमाणाची. समजा, सदाशिव पेठेतील एक अभ्यासिका नोंदणीचे ३०० रुपये आणि दररोजचे २० रुपये घेते, तर दुसरी नोंदणीचे १०० आणि दररोजचे ४० रुपये. दिवस क्ष आणि एकूण खर्च य मानल्यास य = २०क्ष + ३०० आणि य = ४०क्ष + १०० ही समीकरणे मिळतात. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखेच असावे, असा काही नियम नाही. येथे क्ष-अक्षावर १ सेमी = २ दिवस आणि य-अक्षावर १ सेमी = १०० रुपये घेतले, की वीस दिवसांपर्यंतचा आलेख दहा सेंटिमीटरांत मावतो; प्रमाण मात्र कागदाच्या कोपऱ्यात न विसरता लिहावे. रेषा (१०, ५००) येथे छेदतात, आणि त्याच्या डावीकडे दुसऱ्या अभ्यासिकेची रेषा खाली, तर उजवीकडे पहिलीची खाली राहते. म्हणजे दहापेक्षा कमी दिवस बसायचे असेल तर दुसरी स्वस्त, आणि जास्त दिवस बसायचे असेल तर पहिली. नुसत्या आकडेमोडीतून दहा आणि पाचशे एवढेच हाती येते. ही तुलना आलेखावर नजर टाकताच दिसते.

दोन्ही अभ्यासिकांचा रोजचा दर ४० रुपयेच असता, तर नोंदणीशुल्क वेगळे असल्यामुळे रेषा समांतर राहिल्या असत्या आणि उकल मिळालीच नसती. क्ष + २य = ८ आणि २क्ष + ४य = १६ यांच्या रेषा मात्र एकमेकींवर पडतात, त्यामुळे त्यांच्या उकली अनंत आहेत.

क्ष + ३य = ७ आणि २क्ष – य = १ या जोडीत मात्र आलेख अपुरा पडतो. १ सेमी = १ एकक या प्रमाणावर छेदनबिंदू साधारण (१.४, १.९) असा वाचता येतो, पण या किमती ठेवल्या तर ७ ऐवजी ७.१ आणि १ ऐवजी ०.९ येतात. अशा वेळी रेषा पुन्हा पुन्हा खोडून उत्तर जुळवत बसू नये; आलेखावरची किंमत ‘अंदाजे’ म्हणून नोंदवावी आणि एका चलाचा लोप करून नेमकी उकल काढावी. ती क्ष = १०/७ आणि य = १३/७ अशी येते.