ऑनलाइन युद्धखेळांच्या स्पर्धेत रेंगाळणारे डाव कसे आवरावेत

हे खेळ एका बैठकीत न खेळता सवडीने एकेक खेळी पाठवून खेळले जातात, म्हणून स्पर्धेची घोषणा करण्यापूर्वी संयोजकाने कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडावा: निवडलेल्या खेळाच्या एका डावात प्रत्येक खेळाडूची पाळी किती वेळा येते? उदाहरणासाठी 2005 साली प्रसिद्ध झालेला, शीतयुद्धावरचा ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा दोघांचा खेळ घेऊ. त्यात दहा टर्न, म्हणजे डावाचे दहा टप्पे, असतात. पहिल्या तीन टर्नमध्ये प्रत्येकाच्या सहा-सहा आणि उरलेल्या सातांमध्ये सात-सात पाळ्या येतात, म्हणजे 67, आणि प्रत्येक टर्नच्या आरंभी दोघे एकाच वेळी गुपचूप एकेक पत्ता निवडतात, त्या दहा निवडी धरून 77. दोघांनीही प्रत्येक वेळी एकेक दिवस घेतला, तर शेवटपर्यंत जाणारा डाव 144 दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेपाच महिने चालतो. सोळा खेळाडूंची स्विस पद्धतीची (दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावणारी) स्पर्धा चार फेऱ्यांची ठेवली, तर एकही खेळाडू आळशी नसताना ती दीड वर्षाहून अधिक लांबते. खेळाडूंच्या स्वभावाला दोष देण्याआधी हा आकडा पाहिला पाहिजे, कारण बहुतेक स्पर्धांचे रेंगाळणे या हिशेबातच दडलेले असते.

त्यानंतर घड्याळ ठरवावे. ‘दर खेळीला तीन दिवस’ असा नियम सोपा वाटतो, पण तो टाळावा. प्रत्येक खेळीला दोन दिवस तेवीस तास घेणारा खेळाडू या नियमात पूर्ण निर्दोष ठरतो आणि समोरचा मात्र ताटकळत राहतो. त्याऐवजी प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी वेळेची एकच शिदोरी द्यावी आणि ती फक्त त्याची पाळी असतानाच खर्च व्हावी. वरच्या खेळाला 45 दिवस दिले, तर दर निर्णयाला सरासरी चौदा तास मिळतात आणि डाव फार तर 90 दिवसांत संपतो. याहून चांगली रीत बुद्धिबळाचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याने 1988 मध्ये ज्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला त्या घड्याळाची आहे: सुरुवातीला 20 दिवस द्यावेत आणि प्रत्येक खेळीनंतर आठ तासांची भर घालावी. एकूण वेळ जवळपास तेवढाच राहतो, पण आरंभीच सगळा वेळ उधळण्याची मुभा उरत नाही. पत्रव्यवहाराने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात दहा खेळ्यांना 50 दिवस हे जुने प्रमाण आहे, आणि एकाच खेळीवर वीस दिवसांपेक्षा जास्त वेळ घेतला तर पुढचे दिवस दुप्पट मोजण्याचा नियमही तेथे आहे; तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

‘व्हॅसल’ या पटावरचे खेळ संगणकावर खेळण्याच्या प्रणालीवर खेळून लॉगफाइल (खेळींची नोंद असलेली फाइल) ई-मेलने पाठवत असाल, तर वेळेचा हिशेब हातानेच ठेवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक पत्राच्या विषयात एकच साचा सक्तीचा करावा: ‘फेरी 2, टर्न 4, पाळी 3, पाठवले 14 तारीख 21:40 भारतीय वेळ, शिल्लक 31 दिवस’. खेळाडू पुण्यात आणि न्यू जर्सीत असतील, तर दोघांनीही भारतीय वेळच लिहावी. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणून अंतर कधी साडेनऊ तासांचे, तर कधी साडेदहा तासांचे असते, आणि दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन बसून खेळायची वेळ ठरवताना नेमका येथेच घोळ होतो.

मधल्या बारीक प्रश्नोत्तरांतही पुष्कळ दिवस वाया जातात. ‘नकाशावरच्या या षट्कोनी घरात शत्रू शिरला, तर गोळीबार करावा; एरवी थांबावे’ अशा जर-तरच्या सूचना आधीच देऊन ठेवण्याची सवय खेळाडूंना लावावी; तीनदा ये-जा करणारी पाळी त्यामुळे एका पत्रात उरकते.

बांधिलकीचा प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारावा, आणि तो नेमका असावा. ‘खेळणार ना?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. आठवड्यातून किती दिवस उत्तर देता येईल, परीक्षा, लग्नकार्य किंवा प्रवास कधी आहे, गणपती-दिवाळीत किती दिवस रजा हवी, हे लेखी घ्यावे. ‘जमेल तसे खेळतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे राखीव यादीत ठेवावे. आरंभाच्या एक आठवडा आधी सर्वांकडून पुन्हा होकार मागवावा आणि मुदतीत उत्तर न देणाऱ्याच्या जागी राखीव खेळाडू घ्यावा. ‘डिप्लोमसी’सारख्या सात जणांच्या खेळात तर राखीव खेळाडूंशिवाय आरंभच करू नये, कारण एकाचे आदेश आले नाहीत की त्याचे सैन्य जागीच थांबते, शेजाऱ्याला फुकटचा प्रदेश मिळतो आणि उरलेल्या सहा जणांचा डाव नासतो.

एका स्पर्धेत माझ्याकडून झालेली चूक येथे सांगणे आवश्यक वाटते. तिसऱ्या फेरीत एक खेळाडू एकोणीस दिवस गप्प होता आणि केवळ संकोचापोटी मी त्याला विचारले नाही. त्याची आई रुग्णालयात होती. एका ओळीच्या पत्राला त्याने त्याच दिवशी उत्तर दिले असते. तोवर, डावात पुढे असलेला त्याचा प्रतिस्पर्धी कंटाळून स्पर्धा सोडून गेला होता. तेव्हापासून कोणी गप्प राहिला, की तिसऱ्या दिवशी मी स्वतः पत्र पाठवतो: ‘नमस्कार, शुक्रवारपासून आपली पाळी आहे. सगळे ठीक आहे ना? अडचण असल्यास घड्याळ थांबवतो, फक्त कळवावे.’ सातव्या दिवशी दुसरे पत्र जाते, त्यात घड्याळ संपण्याची तारीख असते. त्या तारखेला डाव गमावल्याचा निर्णय होतो, मग तो खेळाडू नवखा असो वा माझा जवळचा मित्र.

सोडून गेलेल्यांच्या गुणांचा नियमही आरंभीच जाहीर असावा. साखळी सामन्यांत बुद्धिबळातील संकेत उपयोगी पडतो: निम्म्याहून कमी डाव खेळून जो बाहेर पडतो, त्याच्याशी झालेल्या डावांचे गुण अंतिम क्रमवारीत धरले जात नाहीत. मुदत संपूनही अपुऱ्या राहिलेल्या डावाचा पंचनिर्णय त्या स्पर्धेत न खेळणाऱ्या जाणकाराकडून घ्यावा, आणि दोन्ही खेळाडूंनी आपली बाजू पाच-सहा ओळींत मांडल्यानंतर तो दोन दिवसांत, कारणासह, सर्वांना कळवावा. आपण होऊन, वेळेत माघार कळवणाऱ्याला मात्र पुढच्या स्पर्धेत कोणतीही आडकाठी ठेवू नये. काहीही न कळवता नाहीसा झालेल्याला एक स्पर्धा राखीव यादीतूनच प्रवेश द्यावा.