माझी भिशी कधी लागणार?

आमची भिशी बारा बायकांची. महिन्याला प्रत्येकी 2,000 रुपये, म्हणजे जिची चिठ्ठी निघेल तिच्या हातात 24,000. एकदा लागली की तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही, पैसे मात्र बारा महिने भरायचे. मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे, आणि "माझी कधी लागणार गं?" हा प्रश्नही माझ्याकडेच. उत्तर काढायची रीत सांगते. अपूर्णांकांचा गुणाकार येत असला की पुरे.

डब्यात एकूण चिठ्ठ्या किती ते मोजा. त्यांतल्या कितींपैकी कुठलीही निघाली तरी आपलं काम होतं, ते मोजा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. झाली संभाव्यता. पहिल्या महिन्यात माझी चिठ्ठी निघण्याची संभाव्यता 1/12. आमच्यात दोघी सख्ख्या जावा आहेत. त्यांच्या घरात पहिल्याच महिन्यात पैसे जाण्याची 2/12, म्हणजे 1/6. पुस्तकात सगळ्या चिठ्ठ्या मिळून होतो तो नमुना अवकाश, आणि आपल्याला हव्या असलेल्या चिठ्ठ्या म्हणजे घटना. नावं जड आहेत, काम मोजणीचंच.

अट एकच, आणि तिथेच सगळे घसरतात: प्रत्येक चिठ्ठी निघायची शक्यता सारखी हवी. एका वर्षी मी अकरा चिठ्ठ्या वहीच्या कागदाच्या केल्या. कागद संपला म्हणून बारावी, माझ्या नावाची, जुन्या लग्नपत्रिकेतून कापली. चिठ्ठी काढायला शेजारचा पाच वर्षांचा मुलगा. त्याने डब्यात हात घातला, जरा चाचपलं आणि ती जाडजूड घडी बरोबर बाहेर काढली. पहिलीच भिशी माझी! कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण चहा फार शांततेत झाला. तेव्हापासून एकाच पानाच्या बारा पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन घड्या, आणि डबा झाकण लावून हलवायचा.

हीच अट विसरून लोक म्हणतात, "लागेल नाहीतर नाही लागणार, म्हणजे निम्मी-निम्मी." शक्यता दोन आहेत हे खरं, पण एकीच्या बाजूला एक चिठ्ठी आहे आणि दुसरीच्या बाजूला अकरा. या चुकीची फार लाज वाटून घेऊ नका. दालांबेर या फ्रेंच गणितज्ञानेही 1754 साली फ्रेंच ज्ञानकोशात असंच काहीसं लिहिलं. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने 2/3 धरली: पहिल्यालाच छापा, किंवा काटा मग छापा, किंवा दोन्ही काटे. पण पहिल्याला छापा ही एकटीच शक्यता अर्धी जागा खाते. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चारही लिहून काढल्या की उत्तर 3/4 येतं. म्हणून शिकवणीत मी पोरांना सगळी यादी लिहायला लावते, कितीही कुरकुरले तरी.

आता काकूंची तक्रार. "पहिल्या महिन्यात बाराजणींत एक, शेवटी शेवटी दोघींत एक. म्हणजे मागे राहणारीचं बरं." अर्धं खरं आहे. तिसऱ्या महिन्यात भिशी लागायची तर आधी दोनदा हुकायला हवी. पहिल्यांदा हुकण्याची 11/12, दुसऱ्यांदा 10/11, मग तिसऱ्यांदा लागण्याची 1/10. एकामागून एक घडायच्या गोष्टींचा गुणाकार करायचा: 11/12 × 10/11 × 1/10. वरचे 11 आणि 10 खालच्यांशी उडाले, उरलं 1/12. कुठलाही महिना घ्या, वर्षाच्या सुरुवातीला उत्तर 1/12 च.

मात्र आठ महिने कोरडे गेल्यावर, डब्यात चारच चिठ्ठ्या उरल्यावर विचाराल तर त्या महिन्याची संभाव्यता 1/4. प्रश्न कधी विचारला, त्यावर छेद ठरतो. काकू दोन वेगवेगळ्या दिवसांची उत्तरं शेजारी ठेवून भांडत होत्या.

आणि निघालेली चिठ्ठी चुकून परत डब्यात पडली तर छेद कमी होत नाही, बाराच राहतो. शिवाय भांडणही होतं. निघालेली चिठ्ठी लगेच वहीत चिकटवा.

"निदान एक" असा प्रश्न आला की उलटीकडून जा. थोरल्या जाऊबाईंना जूनमध्ये मुलाची कॉलेजची फी भरायची होती, भिशी सुरू झाली एप्रिलमध्ये. पहिल्या तीन महिन्यांत दोघींपैकी निदान एकीला लागेल का? सरळ मोजायला गेलं तर फाटे फुटतात. त्याऐवजी दोघींनाही न लागण्याची काढा: 10/12 × 9/11 × 8/10 = 6/11. एकातून वजा केलं की 5/11, म्हणजे शंभरात साधारण पंचेचाळीस. "निम्म्याहून थोडी कमी," मी म्हटलं. "मग फीची सोय दुसरीकडे बघते," त्या म्हणाल्या. गणित कळल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

धाकटीचा प्रश्न वेगळाच: "दोघींना लागोपाठ पहिल्या दोन महिन्यांत लागली तर?" पहिल्यांदा दोघींपैकी कुणीतरी, 2/12; मग उरलेल्या अकरांत दुसरी, 1/11. गुणाकार 1/66. तेवढीच संभाव्यता दोघीही अगदी शेवटच्या दोन महिन्यांपर्यंत ताटकळण्याची आहे, हेही मी सांगितलं. ते तिला आवडलं नाही. मार्चपर्यंत वहीकडे बघणार नाही म्हणाली.