३४ फायली आणि पासवर्डातलं एक ‘&’

सर्व्हरचं मेल खातं बदललं आणि लाराव्हेलच्या (वेबसाइट बनवायचं पीएचपी फ्रेमवर्क) ३४ प्रोजेक्टांत होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड बदलायची पाळी माझ्यावर आली. व्हीएस कोड या एडिटरमध्ये जुना मेल पत्ता शोधला तर जेमतेम ६ फायली. खूश झालो, उगाचच. गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ज्या फायलींकडे दुर्लक्ष करतं, त्यांची यादी म्हणजे गिट-इग्नोर. त्या यादीतल्या फायली व्हीएस कोडचा शोध वगळतो आणि पासवर्ड, सेटिंग ठेवायची डॉट-एन्व्ही फाईल नेमकी तिथेच असते! ग्रेप या शोधायच्या कमांडने सगळ्या दाखवल्या.

या फायली गिटमध्ये नाहीत, म्हणजे चुकलं तर मागे फिरायची सोय नाही. म्हणून सेडला (मजकूर शोधून बदलणारी कमांड) प्रत्येक फायलीचा बॅकअप ठेवायला लावलं. बरं झालं. नव्या पासवर्डात ‘&’ होतं आणि सेडच्या लेखी त्याचा अर्थ ‘जे सापडलं ते अख्खं’. नव्या पासवर्डाच्या मधोमध जुनी ओळ जाऊन बसली, ३४ ठिकाणी. बॅकअप परत आणले, त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश दिला, पुन्हा चालवलं.

तरी काही साइट जुन्याच खात्यावरून मेल पाठवत होत्या. कॉन्फिग (सेटिंग) कॅश केलेलं, म्हणजे आधीच वाचून साठवलेलं असलं की लाराव्हेल डॉट-एन्व्ही वाचतच नाही. कॅश साफ केली, क्यू वर्कर (रांगेतली कामं मागे चालवणारे प्रोग्रॅम) रिस्टार्ट केले. बॅकअपांत जुना पासवर्ड उघडा होता, तेही उडवले.