डीएसएलचा पोर्ट देण्याआधी: शून्य की एक?

डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट. नवीन ग्राहकाला डीस्लॅमवर (एक्स्चेंजमधलं, अनेक डीएसएल लाइन जोडणारं यंत्र) पोर्ट, म्हणजे लाइन जोडायची जागा, देताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजणीत. हुआवे कंपनीच्या एमए५६०० या डीस्लॅम मालिकेत कार्डावरचे पोर्ट ० पासून सुरू होतात; एमडीएफच्या (बाहेरून आलेल्या केबलच्या तारा जिथे जोडतात ती एक्स्चेंजमधली चौकट) टॅगवर मात्र तारांच्या जोड्या बहुतेक ठिकाणी १ पासून लिहिलेल्या असतात. म्हणजे ०/३/११ (फ्रेम ०, स्लॉट ३, पोर्ट ११) हा पोर्ट टॅगवर बाराव्या जोडीला येतो. जंपर (पोर्ट आणि ग्राहकाची लाइन जोडणारी तार) अकराव्या जोडीला मारला, की कॉन्फिगरेशन बरोबर असूनही मोडेमचा दिवा लुकलुकतच राहतो, आणि आपण उगाच केबलला दोष देत बसतो. रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

पोर्ट रिकामा दिसला तरी लगेच देऊ नका. जुन्या ग्राहकाचा सर्व्हिस पोर्ट (पोर्टला सेवेशी जोडणारी नोंद), व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) किंवा पीव्हीसी (डेटाचा कायमचा ठरलेला मार्ग) तसाच पडून असतो. आधी तो काढा. एडीएसएलला (डीएसएलचा एक प्रकार) व्हीपीआय-व्हीसीआय, म्हणजे पीव्हीसीची ओळख सांगणारी आकड्यांची जोडी, दोन्ही टोकांना एकच हवा, एका बाजूला ०/३५ आणि दुसऱ्या बाजूला ०/३२ असेल तर लाइन सिंक होईल (मोडेम आणि डीस्लॅमची जोडणी जुळेल), पण नेट चालणार नाही. हा दोष शोधायला भारी वेळ जातो.

लाइन प्रोफाइल (लाइनचा वेग आणि मार्जिन ठरवणारी सेटिंग) अंतर बघून द्या. एडीएसएल२+ चे २४ एमबीपीएस एक्स्चेंजच्या जवळच मिळतात. चार किलोमीटरवरच्या घराला तो आकडा कागदावरच राहतो. तिथे वेग कमी ठेवून एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलला ठेवलेली राखीव सवलत) ६ ऐवजी ९ डेसिबल ठेवलं, तर लाइन निदान सारखी तुटत नाही.

कनेक्शन बंद झालं की जंपरही त्याच दिवशी काढा.