गाडीच्या लेदर सीटची वाट लावणाऱ्या चुका, आणि नाशिकच्या हवेत त्या कशा टाळायच्या

लेदर सीटला बारीक भेगा दिसायला लागल्या की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो तेलाचा. कुणी म्हणतं खोबरेल चोळ, कुणी म्हणतं ऑलिव्ह ऑइल आण, आणि ज्याला जरा माहिती असते तो थेट कंडिशनरची बाटली आणून दोन हात मारून मोकळा होतो, पण खाली वर्षभर साचलेली घाण तशीच. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. गाडीच्या लेदरला कंडिशनरपेक्षा साफसफाईची गरज कितीतरी जास्त असते हे मी ज्याला त्याला सांगत असतो, आणि का ते समजायला सीटवर नेमकं काय असतं हे आधी बघावं लागेल.

हल्लीच्या गाड्यांमधलं जवळपास सगळं खरं लेदर रंगाचा थर देऊन त्यावर पॉलियुरेथेनचा (पीयू, एक प्रकारचं प्लॅस्टिक) पातळ कोट मारलेलं असतं. म्हणजे आपला हात लागतो तो कातड्याला नाहीच, त्या कोटला लागतो. वरून चोळलेलं तेल त्यातून आत फारसं जात नाही, वरच बसतं आणि धूळ धरतं. घाम, डोक्याचं तेल, कपड्यांची मळ आणि मातीचे बारीक कण हे सगळं एकत्र होऊन त्या कोटवर बसतं, आपण रोज चढता-उतरताना त्यावर घासतो, आणि हे पॉलिश पेपर मारल्यासारखंच काम असतं. आधी कोट झिजतो, मग रंग उडतो, मग भेग पडते. ड्रायव्हर सीटचा दरवाज्याकडचा उंचवटा सगळ्यात आधी फाटतो तो याचमुळे, ऊन तर चारही सीटना लागतं.

आधी बघा की सीट लेदरची आहे का

ही चूक सगळ्यात कॉमन आहे. बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात नीट वाचलं तर 'लेदरेट' लिहिलेलं असतं, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयूचं नकली लेदर, आणि ॲक्सेसरीच्या दुकानात 'नापा' (म्हणजे खरं मऊ लेदर) म्हणून जे कव्हर बसवून देतात तेही बहुतेक वेळा पीयूच असतं. खऱ्या लेदरच्या गाडीतसुद्धा कित्येकदा फक्त बसायचा मधला भाग लेदरचा आणि बाजू, पाठीमागचा भाग रेक्झिनचा असतो. लेदरेटला लेदर कंडिशनर लावणं म्हणजे पैसे पाण्यात, त्याला आत शोषून घ्यायला काही नसतंच. त्याला ओलं फडकं, सौम्य क्लीनर आणि उन्हापासून वाचवणारा पाण्याचा बेस असलेला मॅट प्रोटेक्टंट एवढं बास. आणि पीयूचे पापुद्रे निघायला लागले असतील तर त्याला कुठलंही लोशन उपयोगाचं नाही, दमट हवेने आणि उष्णतेने तो थरच तुटलेला असतो, कव्हर बदलावं लागतं.

एक साधी टेस्ट आहे. सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब वर तसाच राहिला तर कोट मारलेलं लेदर किंवा लेदरेट. थेंब आत गेला आणि डाग काळपट दिसला तर ते बिनकोटचं नाजूक लेदर, महागड्या गाड्यांत क्वचित दिसतं, ते घरी घासायच्या भानगडीत पडू नका.

खोबरेल, तूप, ऑलिव्ह ऑइल

यावर जरा जास्त लिहितोय कारण घराघरात हेच चालतं. खोबरेल तेल साधारण 24 अंशाच्या खाली गोठतं. नाशिकची थंडी कशी असते माहितीच आहे, निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातम्यांत असतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी गाडी उघडली की शिलाईच्या दोऱ्यांमध्ये आणि सीटच्या बारीक रेषांमध्ये पांढरट मेणासारखा थर दिसतो आणि लोकांना वाटतं बुरशी आली. मग तेच एप्रिल-मे मध्ये पातळ होऊन पँटला लागतं, उन्हात बंद गाडीत त्याला खवट वास सुटतो, शिलाईचा दोरा काळा पडतो. तूप, मोहरीचं तेल, ऑलिव्ह, सगळ्यांचं हेच, खाण्याची तेलं हवेने खवट होतातच. बुटाचं पॉलिश तर चुकूनही नको, त्याचा रंग थेट पांढऱ्या शर्टावर उतरतो.

आधीच तेल लावून बसला असाल तर घाबरायचं कारण नाही. लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने दोन-तीन वेळा, मध्ये एखादा दिवस सोडून, साफ करा, हळूहळू निघतं. एकाच दिवसात सगळं काढायला जाऊन जोर लावलात तर कोट जाईल.

वॉशिंग सेंटरची चकाकी

गाडी धुवून आली की सीट चमचमते आणि आपण खूश होतो. ती चमक सिलिकॉनवाल्या डॅशबोर्ड पॉलिशची असते, आणि ज्या फडक्याने दरवाज्याच्या खालच्या पट्ट्या पुसल्या त्याच फडक्याने सीटवर हात फिरवलेला असतो, म्हणजे वाळूचे कणही फुकट मिळाले. सीट घसरडी होते, ब्रेक मारला की माणूस पुढे सरकतो, आणि तेच पॉलिश स्टेअरिंगला किंवा पेडलला लागलं तर सरळ धोका आहे. चांगलं लेदर नवीन असताना आठवून बघा, ते मॅट असतं. तुमची सीट चमकत असेल तर एक तर पॉलिश लावलंय नाहीतर मळ आणि तेल बसलंय, तिसरं कारण म्हणजे कोट घासून गुळगुळीत झालाय. गाडी देतानाच सांगून टाका, दादा सीटला काही लावायचं नाही, फक्त व्हॅक्यूम मारा, आणि सीटसाठी फडकं आपलं द्या.

कशाने पुसता तेही महत्त्वाचं

कातडं कमावल्यावर ते आम्लधर्मी राहतं, पीएच साधारण 4-5 च्या आसपास, आणि कपड्याची पावडर उलट अल्कधर्मी, 10 च्या जवळपास जाते, त्यामुळे पावडरच्या पाण्याने वारंवार पुसलं की कोटही जातो आणि खालचं कातडंही कडक होतं. सॅनिटायझर आणि त्याचे वाइप्स यात अल्कोहोल असतं, ते रंग सोडवतं, कोविडच्या काळात कित्येक गाड्यांची स्टेअरिंग चिकट झाली आणि त्यांचा रंग उडाला तो असाच. काच पुसायचा स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, थिनर, हे सगळं बाद. तो पांढरा मॅजिक स्पंज मिळतो ना, डाग चटकन काढतो खरा पण तो मुळात बारीक घासणारा आहे, डागाबरोबर कोटही काढतो. पुसताना फडकं पांढरं घ्या, म्हणजे त्यावर नुसता मळ येतोय की सीटचा रंग यायला लागला हे लगेच कळतं. रंग आला की थांबायचं.

आता हेडरेस्टबद्दल. आपल्याकडे डोक्याला तेल लावून गाडीत बसणं अगदी रोजचं, त्यामुळे हेडरेस्टच्या मधोमध हाताच्या पंज्याएवढा एक गडद गोल तयार होतो, बेज सीट असेल तर लांबून दिसतो, काळी असेल तर बाजूने उजेड पडला की दिसतो, आणि बोट फिरवलं तर तिथे किंचित चिकट लागतं. ओल्या फडक्याने तो जात नाही, नुसता पसरतो. त्यावर फेसाचा लेदर क्लीनर ब्रशवर घेऊन (सीटवर नाही) हलक्या हाताने गोल फिरवायचा, फेस तपकिरी झाला की वाळायच्या आत टिपून घ्यायचा आणि पुन्हा नवीन फेस, असं फेस पांढरा राहीपर्यंत. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो एवढी घाण निघते. बाकी सीटही अशीच करायची, एका वेळी एकच भाग. आधी व्हॅक्यूम नीट मारा, विशेषतः पाठ आणि बैठक जुळते त्या फटीत, कारण तिथली माती राहिली तर ब्रशने तीच आपण सीटभर घासतो. शेवटी स्वच्छ ओलं फडकं, मग कोरडं, आणि दरवाजे उघडे ठेवून सावलीत तासभर वाळू द्या. हे काम उन्हात करू नका, क्लीनर वाळून चट्टे पडतात, आणि हेअर ड्रायर तर नकोच नको.

मग कंडिशनर. अगदी थोडा, फडक्यावर घेऊन, 15-20 मिनिटं ठेवायचा आणि वरचा उरलेला पुसून काढायचा. वर्षातून दोन-तीनदा खूप झालं. दर महिन्याला लावणाऱ्यांची सीट चिकट होते, मग ते म्हणतात बाटली खराब निघाली. उन्हाळा लागायच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, हा नाशिकसाठी ठीक हिशोब आहे. पुसणं मात्र आठ-पंधरा दिवसांनी चालू ठेवा, नुसतं साध्या पाण्याचं घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर चालतं.

व्हेंटिलेटेड सीट असेल तर

बारीक भोकांच्या सीटवर थेट स्प्रे मारू नका, आत पंखा आणि वायरिंग आहे. कंडिशनर भोकात बसला तर मळ धरतो आणि हवा कमी यायला लागते, मग सर्व्हिस सेंटरला चकरा. भोकं बुजलीच तर मऊ कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम, टाचणीने एकेक टोकरत बसू नका, भोकं मोठी होतात.

आपल्याकडचे डाग

रविवारी मिसळ खाऊन हात नीट न पुसता गाडीत बसलं की तर्री सीटवर. लगेच टिश्यूने टिपा, घासू नका, मग क्लीनर. हळदीचा थोडा पिवळेपणा मागे राहिला तर त्याच्या मागे लागू नका, उजेडाने तो हळूहळू फिका होतो. द्राक्षाच्या सीझनला मळ्यातून क्रेट किंवा पिशव्या मागच्या सीटवर टाकून आणतात, रस गळला तर साध्या ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, वाळला की साखर चिकटते आणि मुंग्या येतात.

रंगपंचमीचं वेगळं. रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी मारून ओल्या कपड्याने माणूस तसाच गाडीत बसला तर तो रंग कोटमध्ये उतरतो आणि फिक्या सीटवरून पूर्ण निघेलच असं नाही. त्या दिवशी सीटवर जाड प्लॅस्टिक टाका आणि घरी आल्यावर काढा. नवीन गडद जीन्सचा निळा रंगही असाच चढतो, दिसला की त्याच आठवड्यात साफ करा, सहा महिन्यांनी नाही. बॉलपेनची रेघ ओढली गेली तर ताजी असतानाच कोरड्या टिश्यूने टिपा, पसरवू नका, जुनी रेघ घरी निघत नाही.

प्लॅस्टिकवरून आठवलं, नवीन गाडीचं कंपनीचं प्लॅस्टिक कव्हर वर्षभर न काढणारे लोक आहेत. आत ओल अडकते, उन्हात वाफ होते, आणि पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर त्यावर प्लॅस्टिक किंवा साधं कव्हर चढवणं जिवावरचं आहे. टॉवेल अंथरायची सवयही तशीच, टॉवेल घाम धरून ठेवतो आणि सीट ओली राहते.

पावसाळ्यातली बुरशी

त्र्यंबक, पहिने, इगतपुरीची पावसाळी सहल करून भिजलेले जर्किन मागच्या सीटवर टाकून दिले, गाडी चार दिवस बेसमेंट पार्किंगमध्ये बंद, की पांढरे-हिरवट ठिपके आलेच. हे गाडीत बसून कोरड्या ब्रशने झटकू नका, कण एसीत आणि छातीत जातात. मास्क लावा, चारही दरवाजे उघडा, ओल्या फडक्याने टिपून काढा, मग क्लीनर, मग पूर्ण वाळू द्या, आणि ते फडकं फेकून द्या. पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष सीटचा नाही, ओल कुठून येतेय ते शोधा: पायाखालचं कार्पेट दाबून बघा, एसीचा पाणी जायचा पाइप तुंबलाय का, सनरूफ असेल तर त्याची नळी, दरवाज्याचं रबर. ते दुरुस्त केल्याशिवाय कितीही साफ करा, आठवड्यात परत.

ऊन टाळता येत असेल तर टाळाच, अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडे दिवसभर उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी पुढच्या काचेला सनशेड लावलाच पाहिजे, दोन मिनिटांचं काम आहे.

भेगा पडल्याच असतील तर

कंडिशनरने भेग बुजत नाही, जाहिरातीत काहीही दाखवू देत. नुसता रंग घासला गेला असेल तर लेदरचा रंग मारून घेता येतो आणि चांगल्या हाताने केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं. फाटून फोम दिसत असेल तर तो एक भाग उसवून नवीन शिवून घेणं बरं पडतं, पूर्ण सीट बदलायची गरज नसते. रंग मारणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारा: जुनं सिलिकॉन आणि तेल काढून घेणार का, कारण त्यावर रंग धरत नाही आणि पापुद्र्याने निघतो; रंग जुळवून सीटखालच्या भागावर आधी दाखवणार का; आणि वरून मॅट कोट मारणार का. चकचकीत करून देतो म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.